जळगावात अनलिमिटेड बार्बेक्यूला फॅमिली घेऊन गेलं तर पैसे वसूल होतात का?

तुम्ही लिहिलंय की घरात सहा जण, त्यातले दोघंच नॉनव्हेज खाणारे, तर टेबलावर शेगडी ठेवतात तसल्या हॉटेलात जावं का. पोरांना गंमत म्हणून जायचं तर जा, पण भाजलेलं चांगलं खायला मिळेल म्हणून जात असाल तर राहू द्या.

आम्ही मागच्या हिवाळ्यात गेलो होतो, शालकाच्या प्रमोशनची पार्टी, हायवेला लागून एक हॉटेल आहे, नाव घेत नाही. डोई नऊशेच्या घरात पडलं. टेबलाच्या मधोमध खड्डा, त्यात निखाऱ्यांचा ट्रे, वर सळया मांडलेल्या, दिसायला एक नंबर. पण निखाऱ्यांवर राखेचा एवढा जाड थर होता की मी वर हात धरून पाहिला तर आरामात धरता आला. आता हे खरंय की माल आत किचनमध्ये आधीच शिजवलेला असतो आणि टेबलावरची शेगडी नुसती गरम ठेवायला असते, त्यालाही माझी ना नाही, कच्चं चिकन गिऱ्हाईकाच्या हातात कोण देईल, पण मग ते गरम तरी राहावं ना! पनीरवर काळे पट्टे झकास उमटलेले आणि मधे चावलं तर फ्रीजचा गारवा. आणि वेटर येऊन ब्रशने वरून अजून तेल लावून जातो. निखारा जिवंत असेल तर ते तेल, ती चरबी खाली टपकते, जळते, धूर उठतो आणि तो धूर मालाला लागतो, चव आहे ती तिथेच. विझत आलेल्या कोळशावर तेल लावलं तर फक्त तेलकट होतं.

चिकनची तर वेगळीच तऱ्हा. तोंडात टाकलं की पिठासारखं, दाताला काही लागेचना. माझा अंदाज कच्च्या पपईचा. पपईत पपेन असतं, ते मांसातलं प्रोटीन तोडतं, म्हणून थोडी लावून काही वेळ ठेवली तर मऊ येतं, पण जास्त लावून रात्रभर ठेवलं की लगदा होतो. गर्दीच्या दिवसासाठी आदल्या दिवशीच सगळं मुरवून ठेवत असतील.

सासरे यावल तालुक्यातले, त्यांनी वेटरला विचारलं, "काय भो, काड्या कोणत्या वापरता?" तो बिचारा म्हणे, सर कोळसा आहे. आम्ही हसलो, पण मुद्दा त्यांचा बरोबर होता. आपल्याकडच्या माणसाला भाजलेलं कशाला म्हणतात हे शिकवायला नको, थंडीत शेतात कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांचा जाळ करून त्यात ती मोठी हिरवी-पांढरी वांगी टाकतात, साल पार काळीठिक्कर होईपर्यंत, मग सोलून भाजलेल्या मिरच्या-लसणाबरोबर ठेचतात, ताटात पडलं तरी धुराचा वास येत असतो. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, उगाच नाही. घरात चार जण व्हेज आहेत म्हणता, तर हिवाळ्यात एखाद्या भरीत सेंटरवरून भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) पुरी आणा, नऊशेत अख्खं घर जेवेल असं मी छातीठोक सांगतो.

अनलिमिटेडचा हिशोबही बघा. बसल्या बसल्या मका, बटाटा, दालचिनी लावलेलं अननस यांचा मारा सुरू होतो, एक संपलं की दुसरं हजर, कोल्ड्रिंक मधे मधे. पोट भरतं ते स्वस्तातल्या मालाने. मटण, मासे येईपर्यंत अर्धे लोक बेल्ट सैल करून बसलेले असतात. आणि व्हेजचा रेट नॉनव्हेजपेक्षा किरकोळच कमी असतो, त्यामुळे तुमच्यासारख्या घराला तर तोटाच जास्त.

बिल मात्र नीट वाचा. आमच्या बिलात ५ टक्के जीएसटीच्या वर १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला होता. जीएसटी भरावाच लागतो, पण सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ लाच तशा सूचना काढल्यात आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही त्या कायम ठेवल्या. शालक म्हणे जाऊ द्या ना भाऊजी, पार्टी माझी आहे, पण मी काउंटरला जाऊन काढायला सांगितलं, मॅनेजरने एक शब्द न बोलता दुसरं बिल दिलं, म्हणजे त्यालाही माहीत होतं. नाहीच काढला तर १९१५ ला फोन लावता येतो, ग्राहक हेल्पलाइन आहे.

आणि पोरं हट्टालाच पेटली असतील तर शनिवार-रविवारची रात्र सोडून जा, टेबलावर बसल्या बसल्या आधी निखारे बदलून मागा. देतात बदलून. आम्हालाही दिले, मस्त लालबुंद आणले, फक्त तोवर आम्ही बिर्याणीवर आलो होतो.