टिप चुकली की घोडा पडला?

प्रश्न: शनिवारी ब्रिटनमधल्या जंप शर्यतींसाठी (घोडे अडथळ्यांवरून उड्या मारत धावतात त्या) सहा टिपा, म्हणजे कोण जिंकेल याचे अंदाज, काढल्या, प्रत्येकीवर १ पौंड. एक घोडा ९/२ भावाने (२ पौंडांवर ९ नफा) जिंकला, एक दुसरा आला, एक आघाडीवर असताना शेवटच्या अडथळ्याला पडला, एकाला जॉकीने मध्येच थांबवलं आणि दोन मागेच राहिले. दिवस चांगला म्हणायचा की वाईट?

उत्तर: पैशाचा हिशेब सरळ आहे. ६ पौंड गेले, ४.५० नफा आणि लावलेला १ मिळून ५.५० परत आले. तोटा ५० पेन्स. पडलेल्या घोड्याचे पैसे ‘मिळालेच असते’ म्हणून जमेला धरू नका. पण तुमची पारख बरोबर होती का, हे या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी दुसरी वही ठेवा, आणि ती शर्यत पुन्हा पाहूनच भरा.

सुरुवात पडलेल्या घोड्यापासून करा. अडथळ्याच्या आधीची शंभर-दोनशे मीटर नीट पाहा. जॉकीचे हात स्थिर होते आणि घोडा लयीत धावत होता, तर पडणं ही उडीतली चूक. टापा आखूड पडत होत्या, जॉकी आधीच ढकलत होता, तर घोडा दमला होता. त्याला ते अंतर झेपत नाही असं लिहा. १० मार्च २०१५ला चेल्टनहॅमच्या ट्रॅकवर प्रशिक्षक विली मलिन्स यांचे डूव्हान, अं द सो आणि फॉगीन हे तीन फेव्हरिट (सगळ्यात कमी भावाचे घोडे) जिंकले. मेअर्स हर्डल या घोड्यांच्या माद्यांच्या शर्यतीत त्यांचीच ॲनी पॉवर आरामात पुढे होती, पण शेवटच्या हर्डलला, म्हणजे अडथळ्याला, तिने झेप फार लवकर घेतली आणि ती पडली. तिच्यावर पैसे लावणाऱ्यांचे पैसे बुडाले, पारख मात्र चुकली नव्हती. २०१६ला तिनेच चॅम्पियन हर्डल जिंकली.

निकालात ‘एफ’ म्हणजे घोडा पडला, ‘यू’ म्हणजे जॉकी खाली आला, ‘बी’ म्हणजे दुसऱ्या घोड्यामुळे पडला, ‘पी’ म्हणजे जॉकीने थांबवला. ‘बी’वरून घोड्याबद्दल काहीच ठरवू नका. ‘पी’ची मात्र चौकशी करा. सकाळी जमीन ‘गुड टू सॉफ्ट’ (थोडी मऊ) होती आणि पावसाने दुपारपर्यंत ‘हेवी’ (चिखलाची) झाली का? घोड्याचे आधीचे विजय कोरड्या जमिनीवरचे असतील तर कारण सापडलं, आणि ती टिप दुपारीच रद्द करायला हवी होती. स्टुअर्ड्सच्या (शर्यतीच्या पंचांच्या) अहवालात नाकातून रक्त आल्याची किंवा घोडा लंगडल्याची नोंद असेल तर तीही टिपून ठेवा.

मागे राहिलेल्या दोघांसाठी घोड्यावर लादलेल्या वजनाची सबब लगेच काढू नका. तीन मैलांच्या शर्यतीत १ पौंड वजन म्हणजे ढोबळमानाने एक लेंग्थ (एका घोड्याच्या लांबीएवढं अंतर). ४ पौंड जास्त वाहून २० लेंग्थने हरलेला घोडा वजनामुळे हरलेला नाही. त्यापेक्षा उड्या पाहा. चेल्टनहॅम, ऐन्ट्री हे ट्रॅक डावीकडे वळतात; सँडाउन, केम्प्टन, ॲस्कट उजवीकडे. डावीकडे वळणाऱ्या ट्रॅकवर उजवीकडे झुकून उडी मारणारा घोडा प्रत्येक उडीला अर्धी लेंग्थ जरी घालवत असेल, तरी १८ अडथळ्यांत ९ लेंग्थ गेल्या. हाच घोडा उलट्या ट्रॅकवर पुढच्या वेळी तुमच्या यादीत असायला हवा. या नोंदीला मी सगळ्यात जास्त किंमत देईन.

दुसऱ्या आलेल्याचं काय? मानेने हरला की १२ लेंग्थने, एवढं लिहा आणि पुढे जा.

प्रश्न: सकाळी ८/१ भावाने १० पौंड लावले. घोडा जिंकला, पण ९०ऐवजी ६६ पौंडच मिळाले. बुकीने फसवलं का?

उत्तर: नाही, हा ‘रूल फोर’. तुम्ही भाव घेतल्यानंतर एखादा घोडा शर्यतीतून काढला गेला की उरलेल्यांची जिंकण्याची शक्यता वाढते, म्हणून नफ्यातून कपात होते. किती, ते काढलेल्या घोड्याच्या भावावर ठरतं: २/१चा असेल तर पौंडामागे ३० पेन्स, १०/१चा असेल तर ५, आणि १४/१च्या वर असेल तर काहीच नाही. तुमच्या ८० पौंड नफ्यातून २४ गेले. ५६ आणि लावलेले १० मिळून ६६. कपात नफ्यावर असते, लावलेल्या रकमेवर नाही. वहीत ८/१ न लिहिता हातात आलेला भाव, म्हणजे ५.६/१, लिहा, नाहीतर वर्षअखेरीचा नफा फुगलेला दिसेल.

प्रश्न: आठ घोड्यांच्या शर्यतीत ईच-वे (अर्धे पैसे जिंकण्यावर, अर्धे प्लेसवर, म्हणजे पहिल्या काही जागांत येण्यावर) लावलं, घोडा तिसरा आला, तरी प्लेसचे पैसे नाहीत. असं का?

उत्तर: ऐनवेळी एक घोडा गळाला असणार. नेहमीच्या नियमाने आठ किंवा जास्त घोडे धावले तर किमान तीन जागांना पैसे मिळतात; पाच ते सात असतील तर फक्त पहिल्या दोघांना, भावाच्या चौथ्या हिश्शाने. मोजणी प्रत्यक्ष धावलेल्या घोड्यांची होते, छापील यादीची नाही. म्हणून बरोब्बर आठ नावं असलेल्या शर्यतीत ईच-वे लावायचं तर घोडे स्टार्टला पोहोचेपर्यंत थांबा.