गुडघ्यापर्यंत ओढलेले मोजे

"मॅडम, आमचा मुलगा शाळेचा ड्रेस नीट घालत नाही. डायरीत रोज शेरा. बिघडत चाललाय का हो?"

मी मुलांची समुपदेशक. जून-जुलैत हा प्रश्न माझ्याकडे आठवड्यातून दोनदा तरी येतोच. कधी शर्ट बाहेर, कधी वेण्यांना रिबिनी नाहीत, कधी भर उकाड्यात अंगात स्वेटर. आईबाबांची धास्ती एकच असते: आज शाळेचं ऐकत नाही, उद्या आमचंही ऐकणार नाही.

अशा वेळी मला सातवीतला एक मुलगा आठवतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) मोजे गुडघ्यापर्यंत ओढतो, परिपाठ संपल्यावरच येतो, फळ्यापाशी बोलावलं तर जागचा हलत नाही, पीटीला दांडी मारतो, असे शेरे होते. शाळेने 'उद्धट' म्हणून ठरवून टाकलं होतं. वडिलांनी हात उगारून झाला होता.

पहिल्या दोन भेटींत 'हो', 'नाही' याच्यापुढे गाडी गेली नाही. मी एवढंच टिपलं की शेजारची खुर्ची रिकामी असूनही तो दप्तर मांडीवर घेऊन बसतो, वर दोन्ही हात. तिसऱ्या भेटीला तो घरून ट्रॅक पँट घालून आला आणि दप्तर आपसूक खाली ठेवलं गेलं. तिथे मला धागा सापडला. त्यांच्या शाळेत सातवीपर्यंत हाफ पँट, आठवीपासून फुल.

"हाफ पँट नकोशी वाटते का रे?"

तो गप्प. मीही गप्प राहिले. अशा वेळी आपण बोललो की मूल परत आत जातं, हे इतक्या वर्षांत मी शिकले आहे. मग त्याने पँटचा पाय हळूच वर केला. पोटरीवर बारीक चिरा, एकीवर अजून खपली.

"बाबांचा रेझर घेतला होता. वर्गात माझ्याच पायांवर केस आलेत. अस्वल म्हणतात. परिपाठाला रांगेत मागची मुलं पायांचे केस ओढतात."

उशिरा येणं, न उठणं, मोजे, दांडी, सगळ्याचा उलगडा या तीन-चार वाक्यांत झाला. मी मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड अ‍ॅडलरच्या वाटेने काम करणारी. मुलाचं प्रत्येक वागणं काहीतरी साधण्यासाठी असतं, असं तो मानायचा. हा मुलगा नियम मोडत नव्हता, पाय झाकत होता. वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ खाली बघत राहिले. मग म्हणाले, "मलाही सहावीतच मिशी फुटली होती." मी त्यांना म्हटलं, "हे मला नको, त्याला सांगा." त्या रात्री त्यांनी सांगितलं.

गणवेशाला माझा विरोध नाही. कोणाच्या घरी किती पैसा आहे, हे त्यामुळे वर्गात कपड्यांवरून कळत नाही. पण एकच माप सगळ्या अंगांना बसत नाही. २०२४-२५ मध्ये सरकारी शाळांत 'एक राज्य, एक गणवेश' आला, तेव्हा मापाच्या तक्रारी गावोगाव झाल्या आणि पुढच्या वर्षी निर्णय परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेला. अकरा ते चौदा हे वय तर असं, की जूनमध्ये शिवलेली पँट दिवाळीनंतर आखूड होते.

म्हणून शेरा आला की आधी "का घातलं नाहीस?" विचारू नका. "यात कुठे टोचतं, घट्ट होतं, लाज वाटते?" असं विचारा, तेही भावंडांसमोर नको. मुलगी स्वेटर काढत नसेल तर आतला शर्ट पारदर्शक नाही ना, ते पाहा. पाळीच्या दिवसांत पांढऱ्या सलवारीची भीती काय असते, हे आईला सांगायला नकोच. आणि शिक्षकांनो, गणवेशावरून मुलाला रांगेबाहेर काढून चारचौघांत बोलणं ही शिस्त नव्हे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने मानसिक छळालाही मनाई केली आहे.

मुख्याध्यापिकांना मी मुलाच्या आणि आईच्या संमतीनेच भेटले, केसांचा विषय न काढता. "एकाला सूट दिली की सगळे मागतील," त्या म्हणाल्या. "मागू देत ना," मी म्हटलं. पालक-शिक्षक संघात विषय निघाला आणि दिवाळीनंतर सातवीला फुल पँट ऐच्छिक झाली. पहिल्याच आठवड्यात सहा मुलं फुल पँटमध्ये आली. केस ओढणाऱ्यांपैकी एक त्यांत होता.

आता सहावीतल्या एका मुलाने अर्ज दिला आहे. पुढच्या सभेत तो विषय आहे आणि मला बोलावलं आहे.