एक्का-राणीचा डाव आणि भिशीचे साठ हजार

ताई, मी जुळे सोलापूरला राहतो, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. मित्रांबरोबर गोव्याला पोकरची टूर्नामेंट खेळायला गेलो. बक्षीस 18 जणांना होतं, आम्ही 19 उरलो होतो, चिप्समध्ये मी दुसरा. पहिल्या नंबरवाल्याने ऑल-इन केलं, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या; मीही माझ्या सगळ्या लावून एक्का-राणीवर कॉल दिला. त्याच्याकडे एक्का-राजा निघाला, मी बाहेर. त्या रात्री कॅश टेबलवर, जिथे थेट पैशांवर खेळतात, आणखी साठ हजार गेले. बायकोच्या भिशीचे, बोअरसाठी ठेवलेले. तिला माहीत नाही. या चुकीतून काय शिकू? ऑनलाइन खेळून भरून काढू का? (पत्र संक्षिप्त केलं आहे.)

भाऊ, आधी डावाचंच बोलू, तुमचा जीव तिथे अडकलाय. एक्का-राजासमोर एक्का-राणी साधारण चारात एकदा जिंकते. पण त्याची पानं तुम्हाला दिसत नव्हती, तेव्हा तो दोष तुमचा नाही. दोष हा, की आणखी एक जण बाहेर पडला की उरलेल्या सगळ्यांना पैसे मिळणार होते. अशा वेळी दोन-तीन ब्लाइंडपुरत्या (ब्लाइंड म्हणजे पानं बघण्याआधी लावावीच लागणारी रक्कम) चिप्स उरलेला कोणीतरी असतोच. त्याची वाट बघायची. तुम्हाला एका फटक्यात घरी पाठवू शकेल असा एकच गडी होता, आणि तुम्ही नेमके त्यालाच भिडलात. चिप्स दुप्पट झाल्या असत्या तरी बक्षीस दुप्पट होत नाही, गेल्या तर मात्र सगळंच जातं. गुलामांची जोडी असती तरी मी पानं टाकून डाव सोडा म्हटलं असतं. झालं, एवढं वहीत लिहा.

आता मला खटकलेलं. मूळ पत्रात या डावाला दीड पान आहे, साठ हजारांना एक ओळ. टूर्नामेंटमध्ये बुडायचं ते एंट्रीपुरतं, आणि तो आकडा घरून निघतानाच ठरलेला असतो. कॅश टेबलवर खिशात हात जाईल तितकं जातं. हरल्याच्या रागात तिथे बसणं, ज्याला तुम्ही मंडळी टिल्ट म्हणता, ही खरी महागाची चूक. तिला पानांचं कारण नाही.

ऑनलाइनचं नाव काढू नका. 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, मोठ्या ॲपनी पैशांचे टेबल बंद केले. आता जो टेलिग्रामवर लिंक पाठवतो, तो पैसे बुडवून गेला तर तक्रार कुणाकडे कराल? तरीही हात शिवशिवत राहिले तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे.

राहिली बायको. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, म्हणून तिने दर महिन्याला पैसे बाजूला टाकून बोअर ठरवला. ते पैसे कुठे गेले हे तिला तुमच्याच तोंडून कळू द्या, याच रविवारी, मुलं झोपल्यावर. मित्रांनी ओढलं असं सांगू नका. पगारातून दरमहा किती परत टाकणार तो आकडा आधी काढून ठेवा, हिशेबनीस आहात, जमेल. ती चिडेल, दोन दिवस बोलणार नाही कदाचित. मध्येच समजावायला जाऊ नका. आणि बोअरवाल्याला तिच्यासमोरच फोन लावून तारीख पुढे घ्या.