निळं कासव आणि हरिपूरचं पेव

"मॅडम, मी माझ्याच घरात पाव्हणा झालोय."

समुपदेशनासाठी माझ्याकडं आलेले ते, खुर्ची ओढता ओढताच बोलले. शर्टाच्या खिशाची कड पिवळी, उजव्या हाताची नखं पिवळी. सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांची हळदीची अडत आहे. घरच्यांना विचारूनच हे लिहितेय आणि ओळख पटेल असं बरंचसं गाळलंय, म्हणून नाव न घेता त्यांना 'हळदवाले' म्हणते.

झालं होतं एवढंच. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याचा पुतण्या आला होता. हळदवाल्यांचा मुलगा तेव्हा आठवीत. दोघा पोरांनी टीव्हीवर 'द सुपर मारिओ ब्रदर्स मूव्ही' लावला, मारिओच्या व्हिडिओ गेमवर काढलेला, २०२३ चा. पोरगा एरवी गेममध्ये डोकं घालून बसलेला असतो, निदान पिक्चर तरी बरोबर बघू, म्हणून हेही भडंगाचं पातेलं मांडीवर घेऊन सोफ्यावर बसले. दीड तास बसले.

"पोरं कुठं हसायली तेच कळंना. मागं कसलीतरी पाटी दिसली की एकमेकाला ढोसायची. एक निळं कासव उडत आलं आणि गाडीवर आपटलं, त्यावर तर दोघं लोळायलाच लागली. मी विचारलं, काय झालं रे? तर म्हणाला, 'पप्पा, तुम्हाला नाही कळणार.' चिडून नाही हां. सहज म्हणाला."

ते 'सहज'च लागलं होतं. चिडून बोलला असता तर याच चिडीनं उत्तर देता आलं असतं. सहज बोलण्याला काय उत्तर देणार?

हा प्रश्न माझ्याकडं दर आठवड्याला कुणी ना कुणी घेऊन येतं. कधी गेम असतो, कधी कोरियन गाणी, कधी जपानी कार्टून. तक्रार तीच: त्याचं काय चाललंय ते आम्हाला उमगत नाही, विचारलं तर सांगत नाही. आणि त्या तक्रारीच्या पोटात आणखी एक भीती असते, ती अर्ध्या तासानं बाहेर येते. हळदवाल्यांचीही आली. "हे व्यसन तर नाही ना?"

ती आधी तपासली. जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या आपल्या अकराव्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' घेतलाय, १ जानेवारी २०२२ पासून तो लागू आहे. पण किती तास खेळतो, एवढ्यावर तो ठरत नाही. खेळण्यावर ताबा उरत नाही, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होतो, आणि नुकसान होताना दिसूनही तो सुटत नाही, हे तिन्ही पाहायचं. तेही साधारण बारा महिने चाललेलं आणि घर, शाळा, मैत्री यांत ठळक बिघाड झालेला असेल तर. या मुलाची झोप ठीक, शाळा ठीक, संध्याकाळी सायकल घेऊन आयर्विन पुलापर्यंत मित्रांबरोबर चक्कर. आई म्हणाली, "जेवायला दोन हाका माराव्या लागतात." दोन हाका म्हणजे आजार नव्हे. माझ्या घरी तीन लागतात, आणि माझ्या घरी गेम खेळणारं कुणी नाही.

मग मी त्यांना जो सल्ला दिला तो चुकला. ते कबूल करायला हवं, कारण तो सल्ला सगळेच देतात. मी म्हटलं, "त्याच्या आवडीत रस घ्या."

हळदवाले व्यापारी माणूस. सौद्याला जायचं तर भाव आधी काढून जायचं, ही सवय. दिवाणजींच्या मुलाला दुकानात बसवून त्यांनी सगळी नावं लिहून घेतली, वहीच्या मागच्या पानावर. आणि रात्री ताटावर बसल्या बसल्या सुरू झाले. हिरव्या टोपीचा तो लुईजी ना? तो मोठा का मारिओ मोठा? राजकन्येचं नाव पीच, बरोबर? १९८५ साली आला ना पहिला 'सुपर मारिओ'? पोरगा ताटाकडं बघत भाकरी मोडत राहिला. तिसऱ्या प्रश्नाला "पप्पा, प्लीज" म्हणाला आणि आमटी अर्धी टाकून उठला.

आईनं मला फोनवर हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं आणि लाजही वाटली. रस घ्या म्हटल्यावर प्रामाणिक माणूस अभ्यासच करणार. आणि अभ्यास करून आलेला बाप पोराला परीक्षकासारखा दिसणार. त्याच्याकडं स्वतःची अशी एकच जागा होती, तिथंही वडील उत्तरं पाठ करून हजर.

पुढच्या खेपेला मी त्यांना ती वही बंद करायला लावली. म्हटलं, तोच पिक्चर पुन्हा बघा, दोघंच. रिमोट त्याच्या हातात द्या. तुम्हाला काही येत नाही, ते तसंच राहू द्या. जिथं खरोखर अडाल तिथं विचारा, पण उत्तर माहीत असलेलं एकही विचारू नका. 'याचा उपयोग काय' हे तर अजिबात नको. आणि आवडला नाही तर आवडला म्हणू नका.

"आवडला नाही म्हटलं तर चालंल?" हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

केस चालू होती तोवर मी स्वतः तो पिक्चर मुद्दाम पाहिला नाही. मला तो त्यांच्या तोंडून ऐकायचा होता. नंतर पाहिला. गोष्ट पातळ आहे, रंग दणदणीत आहेत आणि ज्यानं गेम खेळलाय त्याच्यासाठी कोपऱ्याकोपऱ्यात खाऊ दडवलाय. ज्यानं खेळला नाही त्याला नुसतं कुणीतरी खातंय एवढंच दिसतं. हळदवाले वेडे नव्हते.

दीड तासाच्या त्या पिक्चरला त्यांना रविवारची अख्खी दुपार लागली. पहिला अडथळा अर्थात कासवाचा. मुलानं थांबवलं आणि सांगितलं, की मारिओचा एक गाड्यांच्या शर्यतीचा गेम आहे. त्यात मागं पडलेल्या खेळाडूच्या हाती कधी कधी निळी कवटी, म्हणजे कासवाचं निळं कवच, लागते. ती सोडली की ती थेट पहिल्या नंबरवाल्याला शोधत जाते आणि उडवते. जिंकत आलेला माणूस शेवटच्या वळणावर त्या निळ्या कवटीनं गार होतो, म्हणून खेळणारे सगळे तिला शिव्या घालतात. पिक्चरमध्ये ते कासव स्वतःच निळी कवटी होऊन आलं, म्हणून ती पोरं लोळत होती.

"म्हणजे पुढं गेलेल्याला खाली ओढायचं सामान मागच्याला फुकट मिळतं," हळदवाले म्हणाले. "हे तर आमच्या यार्डात रोजचं आहे." त्यावर पोरगा हसला. बापाच्या बोलण्यावर तो शेवटचा कधी हसला होता, हे आईला आठवेना.

दुसरी गोष्ट मिशीची. १९८१ च्या 'डाँकी काँग' या गेममध्ये मारिओ पहिल्यांदा आला, तेव्हा त्याला नुसतं 'जंपमॅन' म्हणायचे. पडद्यावर तो एवढ्या थोड्या ठिपक्यांत बसवायचा होता, की तोंड काढायला जागा नव्हती आणि केस काढणं अवघड. म्हणून तो गेम बनवणाऱ्या शिगेरू मियामोटो यांनी त्याला मोठं नाक देऊन खाली मिशी लावली आणि डोक्यावर टोपी घातली. हे सांगताना पोरगा उठून टीव्हीजवळ गेला आणि बोटानं पडद्यावर चौकोन काढून दाखवायला लागला. हळदवाल्यांनाही भरघोस मिशी आहे. "तुमची पण तशीच का पप्पा, तोंड लपवायला?" असं विचारायची त्याची हिंमत झाली, ही मला त्या दुपारची मोठी बातमी वाटली.

पण हळदवाले खरे अडले ते वेगळ्याच ठिकाणी, आणि तिथं गेमचा संबंधच नव्हता.

पिक्चरच्या सुरुवातीला दोघे भाऊ नोकरी सोडून नळदुरुस्तीचा स्वतःचा धंदा काढतात. ब्रुकलिनमध्ये. पहिलंच काम फसतं. रात्री घरी सगळं खटलं जेवायला बसलेलं, आणि ताटावरच सगळे टिंगल करतात. बाप तर मारिओला सुनावतो, की तू स्वतः बुडतोयस आणि भावालाही घेऊन बुडतोयस. मारिओ उठतो, आपल्या खोलीत जातो आणि जुना व्हिडिओ गेम लावून बसतो.

"थांबव," हळदवाले म्हणाले. मग बराच वेळ काहीच बोलले नाहीत. माझ्यासमोर हे सांगतानाही ते इथं थांबले. "मॅडम, पहिल्यांदा बघितला तेव्हा हे माझ्या डोळ्यासमोरनं गेलं होतं. मी कासव शोधत बसलो होतो. सेम आमचं घर. ताट, बोलणं, खोली, गेम."

त्यांनी मुलाला विचारलं, "हा बाप त्याला एवढं का टाकून बोलतोय?"

मी शिकवलेल्या यादीत हा प्रश्न नव्हता. मला सुचलाही नसता. पोरानं खांदे उडवले. मग थोड्या वेळानं, टीव्हीकडंच बघत, म्हणाला, "पप्पा, ह्या बापाचा आवाज कुणाचा आहे माहिताय? चार्ल्स मार्टिने. गेममध्ये इतकी वर्षं मारिओचा आवाज ह्यानंच काढलाय. पिक्चरमध्ये मारिओला दुसरा घेतला आणि ह्याला त्याचा बाप केला."

नव्वदच्या दशकापासून जो आवाज 'मारिओ' म्हणून पोरांच्या कानात बसला, तो या पिक्चरमध्ये मारिओला ताटावर रागावतो. पोराला ती नुसती गंमतीची माहिती म्हणून सांगायची होती की आणखी काही, ते मी ठरवत बसले नाही. त्यालाही विचारलं नाही. आमच्या धंद्यात प्रत्येक वाक्य उचकटून त्याच्या तळाशी काय आहे ते बघायची खोड लागते. ती इथं आवरली.

पिक्चर संपल्यावर हळदवाल्यांनी निकाल दिला: "मला नाही आवडला. फार पळापळ." पोरगा म्हणाला, "मला माहीतच होतं." आणि राग न धरता भडंगात शेंगदाणे शोधत बसला.

खरं तर इथं मी केस बंद करणार होते. पुढचं घडलं त्यात माझा काही हात नाही.

मारिओच्या गेममध्ये हिरव्या पाइपातून खाली उतरायचं असतं, खाली अंधारी दुनिया. पोरगा तेच समजावत होता, आणि हळदवाल्यांच्या तोंडून निघून गेलं, "आमच्या पेवासारखं."

"पेव म्हणजे?"

सांगलीत हळदीच्या घरात जन्मलेल्या तेरा वर्षांच्या पोराला पेव माहीत नव्हतं. चूक त्याची नाही. हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, जमिनीत खोल खणलेली ही कोठारं. तोंड माणूस उतरेल एवढंच, पोट रांजणासारखं सुटलेलं. त्यात हळद भरून तोंड मातीनं लिंपून टाकायचं. आत हवा नाही, म्हणून कीड नाही. माल वर्षानुवर्षं टिकायचा. २००५ च्या महापुरात पाणी आत शिरलं आणि कितीतरी पेवं कामातून गेली. हळदवाल्यांनी हे पोराला कधी सांगितलंच नव्हतं. का, विचारलं तर म्हणाले, "त्याला काय इंटरेस्ट, मॅडम? त्याला नाही कळणार."

वाक्य तोंडातून गेल्यावर ते स्वतःच गप्प झाले. मी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला.

नंतरच्या रविवारी दोघं मोटरसायकलवर हरिपूरला जाऊन आले. फार काही बघायला मिळालं नाही. एक बुजलेलं, एकावर फरशी टाकलेली. पण हळदवाल्यांनी लहानपणचं सांगितलं. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आत श्वास घेता येत नाही. तोंड मोकळं ठेवायचं, आणि मग दोरीला कंदील बांधून आधी तो खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तरच माणूस उतरवायचा. त्यांच्या वडिलांनी ती दोरी त्यांच्या हातात दिली होती, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते.

ताटावरची बोलणी थांबली का? आई म्हणते, कमी झाली. परवा गणिताच्या मार्कांवरून पुन्हा वाजलंच, पोरगा खोलीत गेला, दार आपटलं. हळदवाल्यांना अजूनही मारिओच्या दुनियेतलं कुठलं कासव आणि कुठलं मशरूम ते ओळखू येत नाही, आणि ते आता त्याचा प्रयत्नही करत नाहीत. अडलं की हाक मारतात.

शेवटच्या भेटीला मुलगा बरोबर आला होता. आत आला नाही, बाहेर बाकावर बसून राहिला. निघताना दोघं जिना उतरायला लागले आणि मी दार लावून घेत होते, तेवढ्यात खालून त्याचा आवाज आला.

"पप्पा, पण कंदील विझला तर?"

"मग तोंड उघडं ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं. घाई करायची नाही. हळद कुठं पळून जात नाही."