नव्या भागात राहायला जाताना मुलीसाठी प्राथमिक शाळा कशी निवडावी?

तुमचा प्रश्न असा: दोन महिन्यांनी अनोळखी भागात बिऱ्हाड हलतंय, मुलगी पहिलीतून दुसरीत जाणार, तीन शाळा डोळ्यासमोर आहेत आणि तिन्हींबद्दल लोक चांगलंच बोलतात. मग निवडायचं कशावरून, आणि आधी घर ठरवायचं की शाळा?

भाडेकरारावर सही करण्याआधी तिन्ही शाळांना फोन करा. विचारायचं एवढंच: येत्या वर्षी दुसरीत जागा आहे का? ‘प्रवेश चालू आहेत’ हे उत्तर बहुतेक वेळा सर्वांत खालच्या वर्गाबद्दल असतं. दुसरीत कुणी शाळा सोडली तरच जागा होते. प्रतीक्षायादी असेल तर आपला नंबर कितवा लागेल आणि गेल्या वर्षी त्या वर्गात किती जागा रिकाम्या झाल्या, हे दोन्ही आकडे घ्या. प्रवेश पत्त्यावर अवलंबून असेल तर अंतर कसं मोजतात, सरळ रेषेत की रस्त्याने, आणि पत्त्याचा पुरावा कोणत्या तारखेपर्यंत हवा तेही विचारा. वयाची अटही आत्ताच तपासा. प्रत्येक ठिकाणी तारीख वेगळी असते, आणि वाढदिवस त्या तारखेच्या आसपास असला की मुलाला एक इयत्ता मागे बसवण्याची वेळ येते.

मग अंतर. नकाशावरच्या किलोमीटरवर जाऊ नका. कामाच्या दिवशी, शाळा भरायच्या वेळेला त्या रस्त्याने स्वतः जाऊन बघा. बस असेल तर तुमचा थांबा कितवा आहे ते विचारा. पहिलाच असेल तर चार किलोमीटरवरच्या शाळेसाठीही मूल पाऊण तास बसमध्ये बसतं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते. शाळा ७ ची, बस सव्वासहाची, म्हणजे उठायचं साडेपाचला. नुसती ९ तास झोप हवी असेल तरी रात्री साडेआठला डोळा लागला पाहिजे. तुमच्या घरात ते जमणार नसेल, तर लांबची चांगली शाळा जवळच्या बऱ्या शाळेपेक्षा वाईट ठरते. एकेरी २० मिनिटांच्या पलीकडे मी सहसा जाऊ नका असंच सांगेन. शिवाय जवळच्या शाळेतल्या मैत्रिणी संध्याकाळी खेळायलाही भेटतात. नव्या जागी मुलीला त्याचीच सगळ्यात जास्त गरज असेल.

शाळेच्या कीर्तीबद्दल सावध राहा. वरच्या वर्गांचे निकाल पहिली-दुसरीबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाहीत. प्राथमिकचे निकालसुद्धा बरेचसे मुलांच्या घरांवर आणि बाहेरच्या शिकवण्यांवर उभे असतात. एकाच शाळेतल्या दोन शिक्षकांमधला फरक अनेकदा दोन शाळांमधल्या फरकाहून मोठा असतो. म्हणून हे जरूर विचारा: पहिली ते चौथीला आज शिकवणाऱ्यांपैकी तीन वर्षांपूर्वी इथे किती जण होते? निम्म्याहून जास्त बदलले असतील तर कारण विचारा. दर वर्षी शिक्षक बदलले की कोणत्या मुलाला कुठे अडतं हे माहीत असलेलं माणूसच शाळेत उरत नाही.

शाळा बघण्यासाठी ठेवलेल्या खास दिवशी भेटीला जाऊ नका, साध्या चालू दिवशी जा. चालू वर्ग दारातून दहा मिनिटं बघू द्याल का, असं आधीच विचारा. सुरक्षेसाठी नाही म्हणाले तर त्यात गैर काही नाही, पण मग वह्या मागा. वह्या कधीही सोडू नका. दुसरीच्या एकाच वर्गातल्या पाच-सहा वह्या, ढिगातून आपल्या हाताने उचललेल्या. सगळ्यांत तीच वाक्यं त्याच क्रमाने असतील तर मुलं फळ्यावरचं उतरवून घेताहेत. शेवटची तपासणी कोणत्या तारखेची आहे ते पाहा. नुसती बरोबरची खूण आणि सही आहे, की चूक कुठे झाली ते दाखवून मुलाकडून पुन्हा करून घेतलंय? तपासल्यानंतर खाली मुलाने दुरुस्त केलेलं गणित दिसलं, तर त्या वर्गात शिकवणं चाललंय हे नक्की.

मुख्याध्यापकांना तीन प्रश्न विचारा. वाचन कसं शिकवता? पहिलीच्या शेवटी मूल काय वाचू शकतं? आणि ज्याला येत नाही त्याचं काय करता? तिसऱ्याचं उत्तर सर्वांत महत्त्वाचं, कारण या वयात वाचन मागे राहिलं की पुढचा प्रत्येक विषय अडतो. चांगल्या उत्तरात माणूस आणि वेळ असते: आठवड्यातून चार दिवस, अर्धा तास, अमुक बाई, पाच मुलांचा गट. ‘पालकांनी घरी घ्यावं’ किंवा ‘शिकवणी लावा’ असं उत्तर आलं तर ते काम शाळा करत नाही, असं समजा. दुसऱ्या प्रश्नाला ‘पूर्ण पुस्तक वाचतात’ असं म्हणाले, तर न शिकवलेला उतारा वाचतात का, ते विचारा. अनेकदा धडा पाठ असतो आणि तो वाचनासारखा ऐकू येतो. गणितात हातचा कसा शिकवतात ते विचारा. दशक सुटा करून मुलांच्या हाताने काड्या मोजून घेत असतील तर ठीक. नुसता ‘एक वर लिहा’ हा नियम सांगितला की तीन अंकी वजाबाकीत, विशेषतः मधे शून्य आलं की, सगळं कोसळतं.

वर्गात मुलं किती, हे माहितीपत्रकातल्या गुणोत्तरावरून कळत नाही, कारण त्यात खेळाचे, संगीताचे सगळे शिक्षक धरलेले असतात. आज दुसरीच्या वर्गात किती मुलं आहेत, हे विचारा. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात मोठा प्रयोग झाला. त्यात १३ ते १७ मुलांच्या वर्गातली मुलं २२ ते २५ मुलांच्या वर्गातल्या मुलांपेक्षा वाचनात आणि गणितात पुढे राहिली. फरक पडला तो अशा मोठ्या तफावतीने. ३० आणि ३४ मधून निवडायचं असेल तर त्या आकड्याऐवजी वह्यांवर निर्णय घ्या.

मुलांचं स्वच्छतागृह आत जाऊन पाहा: कडी लागते का, पाणी आणि साबण आहे का, तास चालू असताना जाऊ देतात का. नसेल तर मुलं दिवसभर पाणी पीत नाहीत, लघवी दाबून धरतात, आणि मग बद्धकोष्ठ किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. पालक बऱ्याचदा याचं कारण भलतीकडे शोधत राहतात.

शाळा सुटायच्या वेळी पंधरा मिनिटं फाटकाबाहेर उभे राहा. ‘शाळा कशी आहे?’ असं विचारलं तर ‘चांगली आहे’ एवढंच ऐकू येईल. त्याऐवजी विचारा: मागची तक्रार किती दिवसांत मिटली? घरी अभ्यासाला रोज किती वेळ जातो? वर्गातल्या किती मुलांना शिकवणी आहे? अभ्यासात अडखळणाऱ्या मुलाचे पालक भेटले तर त्यांचं म्हणणं जास्त लक्ष देऊन ऐका. मुलांमधल्या दादागिरीबद्दल मुख्याध्यापकांनाही विचारा. ‘आमच्याकडे असं होतच नाही’ हे मला सर्वांत काळजीचं उत्तर वाटतं.

शाळेची भाषा बदलणार असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. खेळापुरती, गप्पांपुरती भाषा मूल वर्ष-दोन वर्षांत उचलतं, पण पाठ्यपुस्तकाची भाषा पक्की व्हायला साधारण ५ ते ७ वर्षं लागतात. घरच्या भाषेतलं वाचन अजून कच्चं असेल तर माध्यम आत्ता न बदललेलं बरं. बदलावंच लागलं तर घरी मातृभाषेत वाचन चालू ठेवा. ते वाया जात नाही.

कागदपत्रांत एकच चूक महागात पडते. नव्या शाळेने प्रवेशाचं लेखी कळवण्याआधी जुन्या शाळेतून दाखला काढू नका. दाखला निघाला की पटावरून नाव कमी होतं, आणि इकडचा प्रवेश फिसकटला तर तिकडची जागाही गेलेली असते. दाखल्यावरचं नाव आणि जन्मतारीख जन्मदाखल्याशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या, दुरुस्ती तिथे असतानाच सोपी असते. प्रगतिपुस्तकासोबत चालू वह्या आणि पुस्तकांच्या अनुक्रमणिकेचे फोटो न्या, म्हणजे काय झालंय आणि काय राहिलंय ते नव्या बाईंना एका दिवसात कळेल. चष्मा, दमा, बोलण्यातली अडचण असं काही असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, आणि औषध कुठे ठेवतात, कोण देतं ते विचारून घ्या.

सुरुवातीचे सहा आठवडे रडणं, सोमवारी पोट दुखणं हे घर बदललेल्या मुलांत खूप दिसतं. तिसऱ्या आठवड्यात वर्गशिक्षकांना भेटा आणि ‘कशी आहे ती?’ ऐवजी ‘मधल्या सुट्टीत ती कुणाबरोबर असते?’ असं विचारा. उत्तरात एखाद्या मुलीचं नाव आलं तर तिला एका संध्याकाळी घरी खेळायला बोलवा.