वासरू मोठं झालं की 'ते' कुठे जातं?

प्रश्न असा आला आहे: नुकतंच वाचायला लागलेल्या मुलांसाठी, प्राण्यांची पिल्लं कशी वाढतात, कशी बदलतात यावर छोटी छोटी वाक्यं लिहायची आहेत. सगळीकडे 'पिल्लू' हा एकच सोपा शब्द ठेवावा, की वासरू, करडू, शिंगरू असे वेगवेगळे घ्यावेत? पहिल्या पानावर 'वासरू उभं राहिलं' आणि शेवटच्या पानावर 'ती गाय झाली' असेल, तर मधल्या पानांवर 'ते' म्हणायचं की 'ती'? आणि अळीला फुलपाखराचं पिल्लू म्हटलेलं चालेल का?

आधी पहिलं. 'पिल्लू' सोपा आहे हे आपण कानाने ठरवतो. डोळ्यांनी बघा: त्यात जोडाक्षर आहे. ज्याला 'कमळ' आणि 'बदक' जमू लागलं आहे त्याला 'ल्ल'पाशी अडखळायला होतं. वासरू, करडू, कोकरू, पाडस, रेडकू, छावा यांतल्या एकातही जोडाक्षर नाही. शिंगराच्या डोक्यावर एक अनुस्वार आहे, तेवढाच. म्हणजे खास शब्द अवघड आणि सरसकट शब्द सोपा हा आपला मोठ्यांचा हिशेब वाचायला शिकणाऱ्याच्या बाबतीत उलटा पडतो. 'पिलू' असंही लिहितात आणि ते चूक नाही, पण एकदा जे रूप घ्याल तेच शेवटपर्यंत ठेवा.

तेव्हा जिथे स्वतंत्र शब्द रोजच्या वापरातला आहे तिथे तोच घ्या: गाईचं वासरू, म्हशीचं रेडकू किंवा पारडू, शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू, घोडीचं आणि गाढवीचं शिंगरू, हरणाचं पाडस. कुत्रा, मांजर, माकड, कोंबडी, हत्ती, कासव यांच्यासाठी 'पिल्लू' आहेच. शालेय याद्यांमध्ये हत्तीसाठी एखादा भारदस्त संस्कृत शब्द दिलेला असतो. तो यादीतच राहू द्या, बोलताना तो कोणी वापरत नाही. आणि मजकूर इंग्रजीवरून घेत असाल तर एक खबरदारी हवी. त्या भाषेत गाय, हत्ती आणि देवमासा या तिघांच्याही पिल्लांना एकच शब्द आहे. मराठीत वासरू फक्त गाईचं. देवमाशाचं वासरू समुद्रात सोडू नका.

दुसरा प्रश्न मात्र खरा रसाळ आहे. वर दिलेले शब्द पुन्हा वाचून बघा. छावा सोडला तर सगळे नपुंसकलिंगी: ते वासरू, ते करडू, ते कोकरू, ते पाडस, ते पिल्लू. माणसाच्या घरातही तसंच: ते बाळ, ते मूल, ते लेकरू, ते पोर. मग ते मूल मोठं होतं आणि मुलगा किंवा मुलगी होतं. वासरू मोठं होतं आणि मादी असेल तर कालवड होतं, नर असेल तर गोऱ्हा. म्हणजे मराठीत मोठं होणं ही व्याकरणातलीही घटना आहे. पिल्लू नपुंसकलिंगातून बाहेर पडतं तेव्हा ते जाणतं झालेलं असतं.

मधल्या पानांचं कोडं यातूनच सुटतं. ज्या पानावर नाव बदलतं त्याच पानावर सर्वनाम आणि क्रियापद बदला, आधी नाही. 'वासरू जन्मलं. ते उभं राहिलं. ते आईला लुचलं. ते गवत खाऊ लागलं. वासराची आता कालवड झाली. ती उंच झाली.' इथे 'ते' गळून 'ती' कधी आली हे वाचणाऱ्याला कळतं, कारण मध्ये 'कालवड' उभी आहे. 'वासरू उभं राहिलं, ती दूध प्याली' असं लिहिलंत तर मूल दुसरी कोणी आली का ते चित्रात शोधत बसेल. सामान्यरूपाकडेही लक्ष असू द्या: वासरू पण वासराला, करडू पण करडाला, पिल्लू पण पिल्लाला. मोठ्यांना हे आपोआप येतं. नव्या वाचकाला 'वासरू' आणि 'वासराला' हे दोन निराळे शब्द वाटू शकतात, म्हणून पहिल्या दोन-तीन वाक्यांत मूळ रूपच येऊ द्या.

या नियमाला अपवाद भरपूर आहेत, हेही सांगून ठेवतो. मांजर, माकड, हरीण, गाढव, अस्वल, कासव हे प्राणी जातीनेच नपुंसकलिंगी. मांजराचं पिल्लू मोठं होऊन मांजरच होतं, 'ते'चं 'ते'च. बोका हवा असेल तर तो मुद्दाम आणावा लागतो. शिवाय शेवटी 'रू' आला की पिल्लूच असंही नाही. पाखरू, मेंढरू, फुलपाखरू हे शब्द पूर्ण वाढलेल्यांनाही लागतात.

हा 'रू' आला कुठून? वासरू हे 'वत्सरूप'वरून आलं. पाखरू 'पक्षिरूप'वरून आणि गुरं-ढोरं मधलं गुरू 'गोरूप'वरून. जुन्या छापील पुस्तकांत हे शब्द 'वासरूं', 'पाखरूं' असे अनुस्वार देऊन छापलेले दिसतात. नपुंसकलिंगाची ती खूण 1962च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले तेव्हा गेली. आता मागे जाऊन 'वत्स' बघा. संस्कृतात 'वत्सर' म्हणजे वर्ष, आणि 'वत्स' त्याच मुळातला: वर्षभराचं जनावर. म्हणजे वासरू या शब्दाच्या पोटातच वय आहे. गंमत पुढेच आहे. याच 'वत्स'चं हिंदीत 'बछड़ा' झालं, अर्थ गाईचं वासरूच. आपण मात्र 'बछडा' वाघाच्या पिल्लाला म्हणतो. एकाच मुळाची दोन पोरं, एक गोठ्यात, एक जंगलात, आणि त्यातलं एक दुसऱ्याला खातं.

छावा आणि बछडा हे दोन्ही पुल्लिंगी, म्हणून जपून वापरा. चित्रातलं पिल्लू नर आहे की मादी हे सांगायचं नसेल तर 'सिंहाचं पिल्लू' बरं. सिंहाच्या पिल्लाच्या अंगावर ठिपके असतात आणि वाढताना ते पुसट होत जातात. नराला आयाळ फुटू लागते ती साधारण वर्षाच्या आसपास. त्या पानावर 'तो' आणा, हक्काने. वाघाचे पट्टे मात्र जन्मापासूनच असतात. चितळाच्या पाडसाचे ठिपके जन्मभर राहतात. पुष्कळ जातींच्या पाडसांचे ठिपके मात्र वयाबरोबर जातात. तेव्हा 'हरणाच्या पाडसाचे ठिपके जातात' असं मोघम लिहू नका, हरीण कोणतं ते सांगा.

गाईच्या बाबतीत मराठी जितकी श्रीमंत आहे तितकी दुसऱ्या कुठल्याच प्राण्याच्या बाबतीत नाही. कालवड म्हणजे अजून न व्यालेली तरुण गाय. गोऱ्हा म्हणजे वाढता नर. खोंड त्याच्या पुढचा, अंगाने भरलेला. म्हशीकडे तशीच वगार. शेळीच्या तरुण मादीला पाठ म्हणतात, काही ठिकाणी पाट. नव्या वाचकाच्या पुस्तकात तो शब्द घालू नका, 'शेळीची पाठ' वाचून मूल चित्रात शेळीचा कणा शोधेल. कोंबडीचं पिल्लू मोठं होऊन अंड्यावर येण्याच्या बेतात असलं की ती तलंग. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात शरदातले अमृतकण वेचणारी 'चकोरतलगें' आहेत, चकोराची पिल्लं. 'तलग' आणि 'तलंग' शेजारी ठेवून म्हणून बघा.

जनावराच्या वयाची तर दातांवरून नावं आहेत. पक्के दात अजून आलेले नाहीत तो आदत, दोन पक्के दात आले की दुसा, चार आले की चौसा. हे दात म्हणजे खालच्या जबड्यातले पुढचे. गाई-बैलांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, तिथे कठीण गादी असते. दुधाच्या दातांची मधली जोडी पडून पक्की जोडी येते ती साधारण दोन वर्षांच्या सुमाराला आणि पुढच्या जोड्या एकामागून एक येतात. मुलांना हे पान आवडेल, कारण वाचायला शिकण्याच्या वयातच त्यांचेही पुढचे दात हलत असतात.

आता क्रियापदं. इथे लिहिणारे फार कंजुषी करतात. सगळीकडे 'दूध पितं' आणि 'मोठं होतं'. वासरू दूध पितं ते जरा जवळून बघा. मान खाली, शेपटी वर, आणि मध्येच थांबून ते कासेला डोक्याने ढुशी मारतं. त्या ढुशीने गाईला पान्हा फुटायला मदत होते. 'लुचणं' हे क्रियापद यासाठीच आहे, आणि 'ढुशी' तर म्हणायलाही मजा येते. पहिल्या दिवसांचं घट्ट पिवळसर दूध तो चीक. गाईच्या पोटात चार कप्पे असतात, पण नवजात वासराचा पहिला कप्पा कामाचा नसतो, दूध थेट चौथ्यात जातं. मग ते गवताच्या काड्या चघळू लागतं, पहिला कप्पा वाढतो आणि रवंथ सुरू होतो. 'वासरू रवंथ करू लागलं' एवढं एक वाक्य लिहिलंत तरी आतला केवढा तरी बदल त्यात आला. कुत्र्यामांजरांच्या पिल्लांसाठी 'डोळे उघडले' लिहा. कुत्र्याच्या पिल्लाचे डोळे साधारण दहा ते चौदा दिवसांनी उघडतात. वासराला हे वाक्य लागू नाही, ते उघड्या डोळ्यांनीच जन्मतं.

अंड्यातून येणाऱ्यांत 'जन्मलं'पेक्षा 'बाहेर आलं' बरं. कोंबडीचं पिल्लू 21 दिवसांनी कवच फोडतं. त्यासाठी चोचीच्या टोकावर एक टणक टोक असतं आणि काही दिवसांत ते पडून जातं. बाहेर आल्यावर थोड्याच वेळात ते तुरुतुरु चालतं. कबुतराचं पिल्लू मात्र मिटल्या डोळ्यांचं, जवळजवळ उघडं आणि घरट्यातच पडून. त्याला आधी पिसं फुटतात, मग पंखांत बळ येतं. 'तुरुतुरु' दोघांनाही लावू नका. कासवाबद्दल आणखी एक. कासवी नुसत्या नजरेने पिल्लं पोसते अशी कल्पना संतांच्या वाङ्मयात आहे आणि 'कूर्मदृष्टी' हा सुंदर शब्द तिच्यावरूनच. प्रत्यक्षात समुद्री कासवी वाळूत अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. पिल्लं आपली आपण पाण्याकडे धावतात. वाळू जास्त उबदार असेल तर माद्या जास्त निघतात. तेव्हा कासवाच्या गोष्टीत आई शेवटपर्यंत आणू नका.

माशांसाठी मत्स्यपालन करणाऱ्यांचे शब्द घेण्यासारखे आहेत. अगदी बारीक ते मत्स्यजिरे, बोटाएवढी झाली की बोटुकली. 'बोटुकली' कुणा कवीला सुचला नाही, धंद्यातून आला, आणि बालपुस्तकासाठी याहून चांगला शब्द शोधून सापडणार नाही.

राहिला तिसरा प्रश्न. अळीला फुलपाखराचं पिल्लू म्हणू नका. पिल्लू म्हणजे आई-बापाचं लहान रूप अशी मुलाची समजूत असते आणि अळी तशी नाही. तिला पंख नाहीत, तिचं तोंड पानं कुरतडण्याचं, फुलपाखराची रस शोषायची सोंड. शिवाय 'अळी' हा दोन अक्षरी घरगुती शब्द हाताशी आहे. 'सुरवंट' सगळ्या अळ्यांना लावतात, पण बोलताना सुरवंट म्हटलं की केसाळ, अंगाला खाज आणणारी अळीच डोळ्यांपुढे येते. चित्रातली अळी गुळगुळीत हिरवी असेल तर अळीच म्हणा. अळी वाढते आणि कात टाकते, असं बऱ्याचदा. मग कोश. (शब्दांच्या नादी लागलेल्यांना कोश म्हटलं की दुसराच आठवतो, मुलांना तो त्रास नाही.) कोशातून फुलपाखरू ओल्या, चुरगळलेल्या पंखांनी बाहेर येतं, पंखांत द्रव ढकलून ते पसरवतं, वाळवतं आणि मग उडतं. त्यानंतर ते वाढत नाही. बागेत दिसणारं चिमुकलं फुलपाखरू म्हणजे मोठ्याचं बाळ नव्हे, ती जातच लहान. हे वाक्य पुस्तकात जरूर घ्या, मोठ्यांनाही ते ठाऊक नसतं.

बेडकाचं प्रकरण मधलं आहे. टॅडपोलला, म्हणजे बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लाला, शब्दकोशात 'भैकेर' असा शब्द मिळतो, 'भेक' म्हणजे बेडूक यावरून. शब्द चांगला आहे, पण मुलाला तो वाचून दाखवणाऱ्यालाच आधी शोधावा लागेल. 'डिंभ' हा अशा बाल्यावस्थेसाठीचा शास्त्रीय शब्द तर त्याहून दूरचा. मी 'बेडकाचं पिल्लू' लिहीन आणि लगेच पुढे 'ते बेडकासारखं दिसत नाही' असंही. त्याला शेपटी असते, ते कल्ल्यांनी श्वास घेतं. आधी मागचे पाय येतात, मग पुढचे. आत फुप्फुसं तयार होतात, लांबलचक आतडं आखूड होतं, कारण शेवाळ खाणारं ते पिल्लू आता किडे खाणार असतं. शेपटीचं काय होतं ते लिहिताना क्रियापद नीट निवडा. 'शेपटी गळते' किंवा 'पडते' हे चूक, तळ्याच्या तळाशी शेपट्यांचा खच नसतो. ती अंगातच जिरते, आणि त्या दिवसांत पिल्लाचं पोषण बरंचसं तिच्यावरच होतं. 'शेपटी जिरली' असं लिहा. जोडाक्षर नाही, आणि खरंही आहे.