मागील पानावरून पुढे : रिव्हर प्लेटची घसरण

प्रश्न : अर्जेंटिनाच्या फुटबॉलमधील पहिल्या विभागाच्या २०१०-११ च्या हंगामात रिव्हर प्लेटची कामगिरी तशी बरी होती. तरीही १९०८ साली बढती मिळाल्यापासून एकदाही खाली न गेलेला हा क्लब नेमका त्याच वर्षी दुसऱ्या विभागात कसा गेला?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण केवळ त्या एका वर्षाचा गुणतक्ता पाहिला तर या घटनेचा उलगडा होतच नाही. त्या काळी अर्जेंटिनात एका हंगामात दोन स्वतंत्र स्पर्धा होत असत. वर्षाच्या उत्तरार्धात ‘आपेर्तुरा’ आणि पुढच्या वर्षाच्या पूर्वार्धात ‘क्लाउसुरा’ खेळली जाई. वीस संघ प्रत्येक स्पर्धेत १९ सामने खेळत आणि दोन्ही स्पर्धांचे विजेते वेगवेगळे ठरत. २०१० ची आपेर्तुरा एस्तुदिआंतेसने जिंकली, तर २०११ ची क्लाउसुरा वेलेझ सार्सफिल्डने. रिव्हर पहिल्या स्पर्धेत चौथा आणि दुसरीत नववा होता. दोन्ही मिळून ५७ गुण त्याच्या खात्यात होते. जगातील बहुतेक लीगमध्ये एवढ्या गुणांवर कोणी घसरणीचा विचारही केला नसता.

अर्जेंटिनात मात्र खाली कोण जाणार हे त्या काळी ‘प्रोमेदिओ’ म्हणजे सरासरी ठरवत असे. मागील तीन हंगामांतील गुणांची बेरीज करायची आणि तिला खेळलेल्या सामन्यांच्या संख्येने भागायचे, असा तो हिशेब. जमाखर्चाच्या वहीत ‘मागील पानावरून पुढे’ लिहून जुनी रक्कम आणतात, तसे जुने गुण नव्या हंगामात येतात. रिव्हरच्या वहीत २००८-०९ चे ४१, २००९-१० चे ४३ आणि २०१०-११ चे ५७ असे एकूण १४१ गुण होते. ११४ सामन्यांनी भागल्यावर सरासरी आली १.२३७. सरासरीच्या तक्त्यात सर्वांत खाली असलेले दोन संघ थेट उतरत आणि त्यांच्या वरच्या दोघांना खालच्या विभागातील संघांशी दोन सामन्यांची ‘प्रोमोसिओन’ लढत द्यावी लागे. त्या दोघांत रिव्हर आला.

माझ्या मते या घसरणीचा जन्म २००८ च्या आपेर्तुरामध्ये झाला. त्याच वर्षीच्या क्लाउसुरामध्ये दिएगो सिमेओनेच्या मार्गदर्शनाखाली रिव्हर विजेता ठरला होता. पुढच्याच स्पर्धेत तो १९ सामन्यांत केवळ १४ गुण मिळवून शेवटच्या, म्हणजे विसाव्या, स्थानी राहिला. अलेक्सिस सांचेझसारखा मोहरा गेला होता, सिमेओनेने स्पर्धा संपण्यापूर्वीच पद सोडले आणि २००९ मध्ये रादामेल फाल्काओही पोर्तोला गेला. त्यानंतर गोरोसिटो, आस्त्रादा, काप्पा आणि हुआन होसे लोपेझ असे प्रशिक्षक एकामागून एक आले. आपण कागद घेऊन एवढा एकच बदल करून पाहावा : त्या १४ च्या जागी मध्यम संघाला शोभणारे २५ गुण लिहावेत. सरासरी १.३३३ होते आणि रिव्हर सुखरूप राहतो. लोपेझच्या संघाने २०१०-११ मध्ये खरे तर आधीच्या दोन्ही वर्षांपेक्षा चांगली कमाई केली होती. परंतु देणे जुने होते आणि ते फेडण्याची पाळी त्याच्यावर आली, हे मला आजही क्लेशदायक वाटते.

प्रश्न : ही पद्धत मोठ्या क्लबांना वाचवण्यासाठीच आणली गेली, असे म्हणतात. ते खरे आहे का?

उत्तर : हेतूविषयी वाद आहेत, परंतु घटनाक्रम बोलका आहे. १९८१ मध्ये सान लोरेन्सोसारखा मोठा क्लब खाली गेला आणि १९८३ पासून घसरण पुन्हा सरासरीने ठरू लागली. त्याच १९८३ मध्ये १९ संघांत अठरावा आलेला रिव्हर त्या वर्षीच्या गुणांवर खाली गेला असता, तो सरासरीमुळे तरला. रासिंग क्लब मात्र खाली गेला. ज्या नियमाने एकदा तारले त्यानेच २८ वर्षांनी बुडवले. नव्याने बढती मिळालेल्या संघाचा भागाकार फक्त त्याच्या स्वतःच्या सामन्यांनी होतो, म्हणून त्याला एकच वाईट वर्ष महागात पडते, हा या पद्धतीतील अन्याय मला मान्य आहे. तथापि २०११ मध्ये नव्याने आलेल्या ओलिंपोने त्या हंगामात रिव्हरपेक्षा कमी गुण मिळवूनही स्थान राखले, हेही विसरता येत नाही.

प्रश्न : ‘प्रोमोसिओन’ लढतीत रिव्हरच्या मारिआनो पाव्होनेची अडवली गेलेली पेनल्टी गोलात गेली असती, तर रिव्हर वाचला असता का?

उत्तर : नाही, तेवढ्याने वाचला नसता, आणि त्या एका फटक्यासाठी पाव्होनेला आयुष्यभर दोष देणे मला पटत नाही. कोर्दोबा शहरातील बेल्ग्रानो हा दुसऱ्या विभागात चौथा आलेला संघ समोर होता. २२ जून २०११ रोजी त्याने आपल्या मैदानावर मान्सानेलीची पेनल्टी आणि सेसार पेरेराचा गोल यांच्या बळावर २-० असा विजय मिळवला. दोन्ही सामने मिळून बरोबरी झाली तर वरच्या विभागातील संघ टिकत असे, त्यामुळे २६ जूनला स्वतःच्या मोन्युमेंताल मैदानावर रिव्हरला दोन गोलांच्या फरकाचा विजय पुरेसा होता. पहिल्या सहा मिनिटांतच पाव्होनेने गोल केला आणि सारे मैदान पेटून उठले. उत्तरार्धात, सामना तासाभराचा झाला असताना, रिव्हरच्या बचावफळीच्या गोंधळात सुटलेला चेंडू गिलेर्मो फारेने जाळ्यात मारला. एकूण हिशेब १-३ झाला. त्यानंतर थोड्याच वेळात मिळालेली पेनल्टी घ्यायला पाव्होने पुढे आला, आणि गोलरक्षक हुआन कार्लोस ओलावेने झेपावून ती अडवली. ती गोलात गेली असती तरी एकूण २-३ झाले असते आणि आणखी एक गोल हवाच होता. मात्र हाताशी वीस मिनिटे असताना तो मिळालाच नसता, असे कोण म्हणेल?

८९ व्या मिनिटाला प्रेक्षागृहातून वस्तूंचा मारा सुरू झाल्याने पंच सेर्जिओ पेझ्झोता यांनी १-१ वर खेळ थांबवला. पोलिसांचे पाण्याचे फवारे कठड्यांवर सुरू होते आणि रिव्हरचे खेळाडू मैदानाच्या मध्यभागी रडत होते. त्या वेळी क्लबचे अध्यक्ष होते दानिएल पासारेला. २५ जून १९७८ रोजी याच मैदानावर नेदरलँड्सला हरवून अर्जेंटिनाने विश्वचषक जिंकला, तेव्हा तो कर्णधार म्हणून त्यांनीच उचलला होता. त्या दिवसाला ३३ वर्षे आणि एक दिवस झाला होता.

प्रशिक्षकपद नंतर मातिआस आल्मेदाकडे आले. २३ जून २०१२ रोजी याच मैदानावर आल्मिरांते ब्राउनविरुद्ध दाविद त्रेझेगेने दोन गोल केले आणि रिव्हर दुसऱ्या विभागाचा विजेता म्हणून वर परतला. ‘प्रोमोसिओन’ची लढत त्याच वर्षी शेवटची खेळली गेली.